मानसशास्त्रातले प्रयोग, लपवलेला हेतू आणि संमतीचा प्रश्न

मानसशास्त्रात संशोधन करणाऱ्यांपुढे एक अडचण कायम उभी असते. समजा तुम्ही कुणाला आधीच सांगितलं की अनोळखी माणसाला तुम्ही मदत करता का ते आम्ही बघणार आहोत, तर तो मदत करणारच, कारण चारचौघांत आपण बरे दिसावं असं सगळ्यांनाच वाटतं. मग खरं वागणं दिसणार कसं? म्हणून प्रयोगाचा हेतू लपवतात, दुसरंच काहीतरी सांगतात, आणि गोची इथेच होते, कारण प्रयोग नेमका कशाचा आहे हेच ज्याला माहीत नाही त्याने फॉर्मवर केलेल्या सहीला संमती म्हणायचं का?

स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगामुळे हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. १९६१ साली येल युनिव्हर्सिटीत त्याने स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असं सांगून माणसं बोलावली. काम असं की शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, १५ व्होल्टपासून सुरुवात, दर चुकीला १५ वाढवायचे, शेवट ४५० वर. शॉक खरा नव्हता आणि आतला माणूस मिलग्रमचाच होता, पण बटण दाबणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. १९६३ मध्ये छापलेल्या पहिल्या पेपरात ४० पुरुष होते आणि त्यातले २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

हा २६ चा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्याच पेपरात असंही लिहिलंय की लोकांना दरदरून घाम फुटत होता, हात थरथरत होते, १४ जण ताणामुळे विचित्र हसायला लागले आणि तिघांना तर फिट्स आल्या. कुणी थांबायचं म्हटलं की प्रयोग घेणारा ठरलेली चार वाक्यं एकामागून एक म्हणायचा, त्यातलं चौथं साधारण असं होतं की तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्हाला पुढे जावंच लागेल. आता विचार करा, प्रयोगातून केव्हाही उठून जाता येणं हा आज भाग घेणाऱ्याचा पहिला हक्क मानतात, आणि इथे तो हक्क नाही असं सांगणं हाच प्रयोगाचा भाग होता!

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर सडकून टीका केली. मिलग्रमचं उत्तर होतं की नंतर विचारलं तेव्हा ८४ टक्के लोक म्हणाले भाग घेतल्याचा आनंद आहे. मला हे उत्तर पटत नाही, कारण नंतर बरं वाटलं म्हणून आधी न घेतलेली परवानगी घेतल्यासारखी होत नाही. आणि पुढे येलमधली जुनी कागदपत्रं आणि टेप तपासल्या तेव्हा कळलं की शॉक खोटे होते हे कित्येकांना त्या दिवशी सांगितलंच नव्हतं, म्हणजे आपण एका माणसाला भयंकर इजा केली हे ओझं घेऊन ती माणसं घरी गेली आणि काही जण महिनोन्महिने तसेच राहिले.

बहुतेक वेळा पद्धत आणि नैतिकता हे दोन वेगळे चॅप्टर म्हणून शिकवतात, आधी सॅम्पल, कंट्रोल ग्रुप, आकडेमोड वगैरे आणि शेवटी उरकल्यासारखी नैतिकता. माझं म्हणणं असं की दोन्ही एकच आहेत. १९७१ चा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीतला नकली तुरुंगाचा प्रयोग घ्या. २४ तरुण निवडले, कैदी कोण आणि पहारेकरी कोण ते नशिबावर ठरवलं, दोन आठवडे चालणार होता तो सहाव्या दिवशी बंद करावा लागला. प्रयोग घेणारा फिलिप झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचा अधीक्षक बनला होता, म्हणजे ज्याने बाहेर राहून बघायचं आणि वेळ आली की थांबवायचं तोच आत गुंतलेला. मुलांना त्रास झाला त्याचं कारण हेच, आणि रिझल्टवर विश्वास ठेवता येत नाही त्याचंही कारण हेच. नंतर रेकॉर्डिंग बाहेर आली त्यात पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलेलं ऐकू येतं, मग नुसत्या भूमिकेमुळे पहारेकरी आपोआप क्रूर झाले हा झिंबार्डोचा निष्कर्ष कसा मानणार? कैद्यांनी सोसलं आणि त्यातून खात्रीचं ज्ञानही हाती आलं नाही, याहून मोठा अन्याय कुठला.

कुणालाही इजा न करतासुद्धा हा अन्याय होतो. २०११ मध्ये तीन संशोधकांनी मुद्दाम एक अशक्य गोष्ट सिद्ध करून दाखवली, की एक ठराविक गाणं ऐकल्यावर विद्यार्थ्यांचं वय साधारण दीड वर्षाने कमी होतं, वाटतं म्हणून नाही, खरंखुरं वय! डेटा खरा होता. फक्त त्यांनी बऱ्याच गोष्टी मोजल्या आणि सोयीच्या तेवढ्याच दाखवल्या, मध्ये मध्ये रिझल्ट बघत राहिले आणि हवा तो आकडा आला की थांबले. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० च्या वर जाते हेही त्यांनी दाखवलं. पुढे २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापलेले अभ्यास पुन्हा करून बघितले, मूळ अभ्यासांत ९७ टक्क्यांत ठोस परिणाम होता, दुसऱ्यांदा जेमतेम ३६ टक्क्यांत. त्या सगळ्यांत माणसांनी आपला वेळ दिला होता, खाजगी प्रश्नांची उत्तरं दिली होती.

यावर उपाय निघालेत आणि ते चांगले आहेत. काय मोजणार, किती लोक घेणार हे आधीच लिहून जाहीर करायचं, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे निकष बदलता येत नाहीत. एथिक्स कमिटीची, म्हणजे प्रयोग नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीची, परवानगी लागते. हेतू लपवायचाच असेल तर दुसरा मार्ग नाही हे कमिटीला पटवावं लागतं, आणि प्रयोग संपल्यावर समोर बसून सगळं खरं सांगायचं, ते ऐकून कुणी म्हणालं माझा डेटा काढून टाका तर बऱ्याच ठिकाणी तो काढतात. लपवलेल्या हेतूची थोडीफार भरपाई होते ती इथे.

पण हे नियम मुख्यतः युनिव्हर्सिटी आणि सरकारी पैशावरच्या संशोधनाला लागतात. २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, त्याने लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यावर परिणाम होतो का म्हणून. परिणाम दिसला तो अगदी नगण्य. २०१४ मध्ये पेपर आला तेव्हा गदारोळ झाला, कारण संमती म्हणून दाखवायला फक्त अकाउंट उघडताना मान्य केलेल्या अटी होत्या. सहलेखक कॉर्नेल युनिव्हर्सिटीचे होते, पण डेटा कंपनीने स्वतः गोळा केला म्हणून तिथल्या कमिटीने हे आपल्या तपासणीत येत नाही असं ठरवलं. निदान तो पेपर छापला म्हणून आपल्याला कळलं तरी. असल्या चाचण्या कंपन्या रोज करतात, कुठलं बटण दाखवलं की माणूस जास्त वेळ थांबतो, कुठल्या शब्दाने घाबरून क्लिक करतो, आणि त्यातल्या बहुतेकांचा पेपर कधीच निघत नाही.