ओंकोमेलॅनिया सर्वेक्षण (डोंगराळ क्षेत्रांतील)

शिस्टोसोमियासिस या रोगास कारणीभूत असलेल्या पर्णकृमींचा (चपट्या परजीवी कृमींचा) प्रसार करणाऱ्या ओंकोमेलॅनिया वंशाच्या गोगलगायी कोठे आहेत, किती आहेत व त्यांतील बाधित किती, याची ठराविक काळाने केली जाणारी पाहणी. चीनमध्ये या रोगाची क्षेत्रे सरोवर-दलदलीची, सपाटीवरील कालव्यांची व डोंगराळ अशी तीन प्रकारची मानतात. प्रस्तुत नोंद सिचुआन व युनान प्रांतांतील डोंगराळ क्षेत्रांपुरती आहे. शिस्टोसोमा जॅपोनिकम हा कृमी गोगलगायीत वाढतो, हे मियाइरी व सुझुकी यांनी 1913 मध्ये जपानात दाखवून दिले.

पाट, बांध व पाझराच्या जागी ठराविक अंतरावर 0.11 चौ. मी. क्षेत्रफळाची तारेची चौकट टाकतात. हा आडनिडा आकडा जुन्या चिनी मापाचा अवशेष दिसतो. तेथील एक फूट मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असे. चौकटीतले गवत बाजूला सारून गव्हाच्या दाण्याएवढ्या, चिखलाच्याच रंगाच्या सर्व गोगलगायी चिमट्याने वेचून कागदी पाकिटात भरतात. प्रयोगशाळेत दोन काचांमध्ये शंख चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली कृमींचे दुभंगलेल्या शेपटीचे डिंभ (अळ्या) शोधले जातात. बाधित गोगलगायींचे प्रमाण बहुधा शेकडा एकहूनही कमी असते. त्यामुळे डिंभ न सापडणे हा रोग नसल्याचा पुरावा ठरत नाही. पूरक चाचणी म्हणून काही ठिकाणी पिंजऱ्यातले उंदीर संशयित पाण्यात ठेवून नंतर तपासतात. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीत एका पाटात गोगलगायींचा बुजबुजाट, तर शेजारच्यात एकही नाही, असे आढळते. त्यामुळे सरासरी घनता फसवी ठरते. पाण्याबरोबर गोगलगायी खाली वाहून येत असल्याने निक्लोसामाइड या गोगलगायी मारणाऱ्या रसायनाची फवारणी उगमाकडून खाली करावी लागते.

या भागातील प्रकार ओं. हुपेन्सिस रॉबर्टसोनी (बार्ट्श, 1946) या नावाने ओळखला जातो. यांगत्सीच्या खालच्या खोऱ्यातील पूरप्रदेशात शंखावर उभ्या कडा असतात, येथे तो गुळगुळीत असतो. केवळ यावरून उपजाती ठरवणे धोक्याचे आहे, कारण खालच्या खोऱ्यातही टेकड्यांवर गुळगुळीत शंख सापडतात. कडा हे पुराशी जुळवून घेण्याचे लक्षण असावे, हे गोगलगायींचे अभ्यासक डेव्हिस यांचे मत अधिक पटणारे आहे. डीएनएमधील मोठ्या अंतरामुळे काही अभ्यासक रॉबर्टसोनीला स्वतंत्र जाती मानतात. या गोगलगायींच्या कुळाचे पूर्वज, व त्यांच्यासह कृमीही, भारतीय भूपट्टाबरोबर आशियात आले व ब्रह्मदेश-युनानमार्गे पसरले, असेही डेव्हिस यांनी मांडले होते. शिस्टोसोमा वंशाचा उगम आशियातील असल्याचे दर्शविणाऱ्या नंतरच्या जनुकीय अभ्यासांशी, निदान कृमींपुरती, ही मांडणी जुळत नाही.

रोग आटोक्यात आला म्हणून पाहणी सैल करणे महाग पडते. सिचुआनमध्ये 2004 अखेर अशा आठ काउंटींत तो परतल्याचे आढळले. नियंत्रणापासून पुनरागमनापर्यंतचा काळ सरासरी सुमारे आठ वर्षांचा होता.

भारतात ओंकोमेलॅनिया आढळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे 1952 मध्ये गाडगीळ व शाह यांनी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र नोंदवले. तेथील पोषक (कृमी ज्यात वाढतो तो प्राणी) म्हणून त्यांनी फेरिसिया टेन्युइस ही इवल्याशा टोपीसारखी, दगडाला चिकटून राहणारी गोगलगाय दाखवली.