नाकावरचा वळ आणि दहा सेंटिमीटर पाणी

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात त्यावर एक फॉरवर्ड आला. घोरण्याच्या मशीनचा मास्क सिलिकॉनचा असतो, ते सिलिकॉन रात्रभर कातडीतून रक्तात उतरतं, म्हणून नाकावर व्रण पडतात. सबब मशीन बंद करा आणि अमुक काढा घ्या. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. ग्रुपमधल्या ज्या काकांच्या घरी हे मशीन आहे, त्यांनी लगेच विचारलं, "मग आजपासून बंदच करू का? नाक लई चुरचुरतंय."

करू नका, एवढं उत्तर खरं तर पुरे होतं. पण मी आयुष्यभर पोरांना दाब आणि क्षेत्रफळ शिकवलेला माणूस, आणि त्या वळामागचं भौतिकशास्त्र इतकं देखणं आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी हे मशीन ज्यासाठी असतं त्या आजाराविषयी थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांचे इतके, की जिभेमागची श्वासाची वाट मिटते. छाती-पोट ओढ घेत राहतं, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, मोठा घुर्र आवाज होऊन वाट उघडते, आणि पुन्हा तेच. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड असतं आणि एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ टिकणारे असे अडथळे तासाला पाचाच्या वर गेले की स्लीप अॅप्नियाचं निदान होऊ शकतं. तीस किंवा जास्त असतील तर तो तीव्र. 'घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय' हा आपल्या घरोघरचा समज अशा माणसाच्या बाबतीत साफ उलटा आहे. तो रात्रभर झोपेच्या दारातच उभा असतो.

घोरण्याचं मशीन म्हणतात ते हे सीपॅप. ते यावर करतं काय, तर थोड्या दाबाने सतत हवा लोटत राहतं, म्हणजे ती मऊ वाट मिटत नाही. औषध नाही, जादा ऑक्सिजन नाही, खोलीतलीच हवा. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला. तोवर तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सलिव्हन यांची सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायची, आणि मास्क प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन बनवलेला, रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवायचा. कातडीची तक्रार या उपचाराच्या जन्मापासूनची आहे ती अशी.

आता दाब. मशीनवर 8, 10, 12 असे आकडे दिसतात, ते पाण्याच्या सेंटिमीटरचे. घरी करून बघा. उंच ग्लास पाण्याने भरा, स्ट्रॉ बरोबर दहा सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. पहिला बुडबुडा सुटला त्या क्षणी तुमच्या तोंडात 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब होता. लहान पोरही करतं. ही मशीन साधारण 4 ते 20 सेंटिमीटरच्या दरम्यान चालतात, म्हणजे जोर म्हणावा असं त्यात फारसं काही नाही.

एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. म्हणून 10 सेंटिमीटरचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 10 ग्रॅमचा भार. समजा, नाकावरच्या मास्कने झाकलेली जागा 30 चौरस सेंटिमीटर आहे. आतली हवा मास्कला चेहऱ्यापासून दूर ढकलते 300 ग्रॅमने. मास्क डोक्याला बांधणाऱ्या पट्ट्यांनी एवढं पेललं की मास्क जागेवर राहतो. शिवाय मास्कची कड कातडीवर आतल्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाने टेकायला हवी, नाहीतर हवा फटीतून निसटेल. कडेचं क्षेत्रफळ 25 चौरस सेंटिमीटर धरा आणि तिथे 12 ग्रॅमचा दाब ठेवा: आणखी 300 ग्रॅम. एकूण 600. अर्ध्या किलोच्या जरा वर ओढ पुरते.

पण माणूस काय करतो? रात्री दोन वाजता कुठून तरी फुस्स आवाज येतो, तो झोपेतच वेल्क्रो ओढतो. उद्या आणखी ओढतो. समजा ओढ दोन किलोवर गेली. हवा त्यातले 300 ग्रॅमच उचलते. उरलेले 1,700 ग्रॅम त्या 25 चौरस सेंटिमीटरच्या कडेवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 68 ग्रॅम. हेच ब्लड प्रेशरच्या भाषेत मांडलं तर सुमारे 50 मिलिमीटर पारा. आधीच्या नेमक्या ओढीला हा आकडा 9 च्या आसपास होता.

50 हा आकडा का खटकतो? 1930 मध्ये युजीन लँडिस यांनी माणसाच्या नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म काचेची नळी घालून आतला दाब मोजला. धमनीच्या टोकाला सरासरी 32 मिलिमीटर पारा, शिरेच्या टोकाला 12. बाहेरून याहून जास्त दाब तासन् तास पडला की त्या जागचं रक्त आटतं, पेशी उपाशी राहतात. 32 ही काही दगडावरची रेघ नाही, वय, रक्तदाब, कातडीखालची चरबी यांनुसार ती सरकते. पण अंदाज येतो. मशीन अगदी 20 वर चालवलं तरी हवेचा दाब 15 मिलिमीटर पाऱ्याच्या आतच राहतो. म्हणजे वळ उठवण्याइतका जोर मशीनमध्ये नाहीच. तो पट्टे ओढणाऱ्या हातातून येतो.

त्यात ही ओढ कडेवर सारखी वाटली जात नाही. गालाला मांस आहे, तो दबतो आणि भार पसरवतो. नाकाच्या दांड्यावर कातडीखाली लगेच हाड. तिथे पसरायला जागाच नाही, म्हणून पहिला वळ तिथेच, बरोबर चष्मा टेकतो त्या जागी. ज्यांना दिवसभर चष्मा आणि रात्रभर मास्क, त्यांच्या त्या दीड सेंटिमीटर कातडीला सुट्टीच नसते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, नीट न्याहाळा. कडेला सिलिकॉनचा एक पातळ, आत वळलेला पापुद्रा दिसेल. मशीन सुरू झालं की आतली हवा या पापुद्र्याला मागून दाबते आणि तो कातडीवर पसरून बसतो. हवेचा दाब वाढला की तो आणखी घट्ट बसतो. म्हणजे गळती करू पाहणारी हवाच गळती बुजवते! मात्र त्यासाठी पापुद्र्याला फुगायला जागा हवी. पट्टे आवळले की तो चेपून सुरकुततो, सुरकुत्यांतून हवा गळते, आणि आपण आणखी आवळतो. मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय का? तारेखालचा दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की स्वर बंद पडतो. पट्ट्यांचंही तसंच आहे, नेमकी जागा असते आणि ती ताणाच्या शेवटी कधीच नसते.

ती शोधायची तर बसून, आरशासमोर शोधू नका. आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सरकतो, चेहऱ्याचा आकार बदलतो. मशीन सुरू करा, आडवे व्हा, सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून पापुद्रा फुगू द्या, मग अलगद टेकवा. दोन्ही बाजूंनी एकदमच, थोडं थोडं ओढत जा आणि गळती थांबली की हात काढा. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. एक फसगत इथे हमखास होते: मास्कवर पुढे बारीक भोकं असतात, त्यातून हवा सतत येते. ती गळती नव्हे, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्याची सोय आहे. ती थांबवायला पट्टे आवळण्यात अर्थ नाही, आणि भोकांवर चिकटपट्टी लावणं तर धोक्याचं.

एवढं करूनही भागत नसेल तर माप चुकलंय. भरघोस मिशी असेल तर पापुद्रा केसांवर बसतो, कातडीवर नाही. अशांना नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क बरा पडू शकतो. दोन वेगळ्या ठेवणीचे मास्क आलटून पालटून वापरले तर एकाच जागी रोज दाब येत नाही, पण खर्च आहे. नाकाच्या दांड्यावर आधीच हायड्रोकोलॉइडची (जखमेवर लावतात तसल्या मऊ, चिकट पदार्थाची) पातळ पट्टी लावतात, ती मेडिकलमध्ये मिळते.

दाबाचा जोडीदार म्हणजे ओल. एप्रिल-मेमध्ये सांगलीत रात्रीही पंख्याखाली घाम येतो, आणि सिलिकॉनखालचा घाम वाळत नाही. कातडीचा वरचा थर फुगून मऊ पडतो, घर्षण वाढतं, कूस बदलताना डोक्याखालची उशी मास्कला ढकलते आणि तो भिजलेला थर खरवडला जातो. चेहऱ्याचं तेल वेगळाच घोळ घालतं: पापुद्रा तेलकट झाला की घसरतो, घसरला की गळतो, गळला की आपला हात वेल्क्रोकडे. म्हणून झोपण्यापूर्वी साध्या साबणाने तोंड धुऊन कोरडं करायचं. खोबरेल, कोल्ड क्रीम जे काय लावायचं ते सकाळी. मास्कची उशी रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची. स्पिरिट नको, सुवासिक वाइप्स नकोत. ओझोन सोडून मास्क 'निर्जंतुक' करणाऱ्या महागड्या डब्यांबद्दल तर अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2020 मध्येच सावध केलं आहे. साबणाची वडी स्वस्त आहे.

आणि कृपा करून हळद-चुना लावू नका. आमची सांगली हळदीची पेठ, इथल्या हळदीला जीआय मानांकन आहे, अभिमान मलाही आहे. पण मुरगळलेल्या पायावरचा लेप सोललेल्या नाकावर थापायचा नसतो. निरोगी कातडी आम्लधर्मी, पीएच पाचाच्या आसपास; चुन्याची निवळी बाराच्या वर. खरवडलेल्या जागेवर चुना भाजतो. नुसत्या हळदीनेही काहींना पुरळ उठतं, आणि पिवळी झालेली मास्कची उशी मग तशीच राहते. घोरणं थांबवणाऱ्या चुंबकी नाकचिमट्यांबद्दल काय बोलावं! वाट मिटते घशात, चुंबक लावतात नाकाला.

वळ किती गंभीर, हे बोटाने कळतं. सकाळी लाल जागेवर बोट दाबून सोडा. तिथे क्षणभर फिकं पडून पुन्हा लाली आली तर रक्त फिरतंय. अशी लाली बहुतेक वेळा थोड्या वेळात आपोआप उतरते. दाबूनही फिकी न पडणारी लाली ही दाबजखमेची पहिली पायरी. आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा ती जागा आजूबाजूपेक्षा काळपट, गरम, टणक किंवा दुखरी लागते का ते चाचपायचं. कातडी फुटली, पाणी सुटलं, तर डॉक्टरांना दाखवा, आणि मशीन मनाने बंद करण्याऐवजी त्यांनाच मास्कचा प्रकार बदलून मागा.

फॉरवर्डमधल्या सिलिकॉनचं काय? मास्कसाठी वापरतात ते वैद्यकीय सिलिकॉन अगदी निष्क्रिय, त्याची खरी अॅलर्जी फारच दुर्मीळ. पुरळ पट्ट्यांच्या आकारात, गालावर-मानेवर उठत असेल आणि दुखण्यापेक्षा खाजत असेल, तर संशय पट्ट्यातल्या निओप्रीनवर (एक कृत्रिम रबर) किंवा न निघालेल्या साबणावर घ्यावा. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नेमकं सांगतात. दाब हटल्यावर राहणारा काळा डाग मात्र निराळा. आपल्या कातडीत सूज ओसरली तरी रंगद्रव्य मागे राहतं, ते फिकं व्हायला काही महिने लागू शकतात, आणि उन्हाने ते आणखी गडद होतं. तोवर नाकावर सनस्क्रीन लावायचं, आणि डाग चोळायचा नाही.