दोन तारखांचं नातं सांभाळायचं कुणी? टेस्ट डेटाच्या एका वादाची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअरचा कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्टना नमुन्याचा डेटा लागतो. त्यासाठी तयार ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेली माहिती) एका जागी ठेवायची ऑब्जेक्ट मदर पद्धत 2001 च्या सुमारास मांडली गेली, आणि ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने घडवायची टेस्ट डेटा बिल्डर पद्धत 2007 मध्ये. दोन्हींत प्रत्येक व्हॅल्यू माणूसच लिहायचा, त्यामुळे एक प्रॉपर्टी (ऑब्जेक्टमधला माहितीचा एक रकाना) दुसरीशी जुळवणं ही वेगळी अडचण नव्हती.

2009 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मसाठी ऑटोफिक्स्चर हे टूल आलं आणि व्हॅल्यू आपोआप भरल्या जाऊ लागल्या. आपल्या लोकलच्या मासिक पासाचा क्लास, म्हणजे कोडमधला ऑब्जेक्टचा साचा, घ्या: सुरू होण्याची तारीख आणि संपण्याची तारीख. ऑटोफिक्स्चर दोन्ही तारखा स्वतंत्रपणे उचलतं, आजच्या मागच्या-पुढच्या साधारण दोन वर्षांतून. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा पास सुरू होण्याआधीच संपलेला! टेस्ट सकाळी हिरवी (पास), दुपारी लाल (नापास), आणि कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही. अशा टेस्टवरचा टीमचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणं फार अवघड जातं.

उपाय म्हणून सगळे आधी ‘विथ’कडे, म्हणजे एखाद्या प्रॉपर्टीला आपण ठरवलेली व्हॅल्यू द्यायच्या ऑटोफिक्स्चरच्या सोयीकडे, वळले. पण त्याला द्यायची व्हॅल्यू ऑब्जेक्ट बनण्याआधीच ठरलेली असायची. पुढे ऑटोफिक्स्चरच्या चौथ्या आवृत्तीच्या मालिकेत ‘विथ’ फंक्शनही (व्हॅल्यू काढून देणारा कोडचा तुकडा) घेऊ लागलं, तरी त्या फंक्शनला मिळणारं इनपुट बनत असलेल्या ऑब्जेक्टमधलं नसतं, वेगळं तयार केलेलं असतं. रुबी या भाषेच्या फॅक्टरी बॉटमध्ये आणि डॉटनेटच्याच बोगसमध्ये, म्हणजे अशाच दुसऱ्या टूल्समध्ये, मात्र एका प्रॉपर्टीवरून दुसरी, उदाहरणार्थ नावावरून ईमेल, बनवण्याची सोय सरळ नियमातच आहे.

खरा वाद इथून सुरू झाला. ऑटोफिक्स्चरच्या बाजूने ठाम उत्तर असं की टूलला दोष देऊ नका. दोन प्रॉपर्टी एकमेकींवर अवलंबून असतील तर ते नातं क्लासनेच राखावं. मला हे पटतं. पासाचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) सुरुवातीची तारीख आणि दिवसांची संख्या घेत असेल, तर उलटा पास बनणारच नाही. तारखा उलट्या दिसल्या की नुसता एक्सेप्शन (एरर) टाकणारा गार्ड, म्हणजे तपासणी, लावून मात्र भागत नाही, कारण मग निम्म्या वेळा ऑब्जेक्ट तयार होतानाच टेस्ट कोसळते.

विरोधी बाजूही खरी आहे. डेटाबेसच्या टेबलाशी बांधलेले, सगळे सेटर उघडे असलेले (कुठूनही व्हॅल्यू बदलता येणारे) जुने क्लास एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एक-दोन आठवड्यांच्या टप्प्यात, बदलता येत नाहीत. तिथे संपण्याची तारीख ‘विदाउट’ने (प्रॉपर्टी न भरता सोडायची ऑटोफिक्स्चरची सोय) वगळायची, ऑब्जेक्ट हातात आला की सुरुवातीच्या तारखेवरून भरायची, आणि हे सगळं एकाच हेल्पर मेथडमध्ये ठेवायचं.