शालेय नाट्यप्रशिक्षण

माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांतील (साधारणतः 13 ते 18 वयोगटातील) विद्यार्थ्यांना अभिनय, वाचिक (आवाज व उच्चार), हालचाल, संहितेचा अभ्यास आणि रंगमंचामागील कामे यांची पद्धतशीर शिकवण देणारी शाखा. समारंभापुरते नाटक बसवणे आणि व्यावसायिक नट घडवणे या दोहोंपासून ती वेगळी मानली जाते. प्रत्यक्षात या सीमा फार काटेकोर राहत नाहीत.

शाळेत नाटक करण्याची प्रथा यूरोपात मानवतावादी (अभिजात ग्रीक-लॅटिन साहित्यावर आधारित) शिक्षणाबरोबर रुजली. लॅटिन संभाषण आणि वक्तृत्व सुधारावे म्हणून प्राचीन रोमन नाटककार टेरेन्सच्या सुखात्मिका विद्यार्थ्यांकडून करून घेत. निकोलस यूडॉलचे ‘राल्फ रॉइस्टर डॉइस्टर’ हे इंग्रजीतील आरंभीचे शालेय नाटक. ते यूडॉल ईटन येथे मुख्याध्यापक असताना, म्हणजे 1541 पूर्वी लिहिले गेले, असे पूर्वी समजत. आता 1552 च्या आसपासचा काळ अधिक ग्राह्य धरला जातो. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या 1599 च्या शिक्षणसंहितेत नाटकांना परवानगी होती; मात्र ती लॅटिनमध्ये असावीत, विषय धार्मिक असावा आणि प्रयोग क्वचितच व्हावेत, अशी अट होती. तिसरी अट फारशी पाळली गेली नाही. या सर्व काळात भर पाठांतरावर आणि उच्चारांवर होता. अभिनय स्वतंत्रपणे शिकवता येतो, ही कल्पना शाळेत पुष्कळ उशिरा आली.

आज वर्गात सर्रास वापरल्या जाणाऱ्या नाट्यखेळांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत त्यांचा उगम शिकागोत शोधते. नीव्हा बॉइड यांनी हल हाउस या समाजसेवा केंद्रात सामूहिक खेळांद्वारे सामाजिक वर्तन शिकवण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे तिला नाट्यरूप दिले आणि त्यांचे 1963 मधील पुस्तक शिक्षकांच्या हाती पडले. दुसरे मत फ्रेंच दिग्दर्शक झाक कोपो यांच्याकडे बोट दाखवते. पॅरिसच्या व्ह्यू-कोलोंबिए नाट्यगृहाशी जोडलेल्या त्यांच्या शाळेत सुझान बिंग मुलांचे खेळ, प्राण्यांची निरीक्षणे आणि मुखवटे यांतून नट घडवत होत्या. ही परंपरा फ्रेंच दिग्दर्शक मिशेल सें-देनी यांनी इंग्लंडला नेली. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांचा तटस्थ (भावहीन) मुखवटाही तिच्याच शाखेतला. कालक्रमाने कोपो आधीचे आहेत, हे खरे. तथापि स्पोलिन यांनी ऋण मान्य केले ते बॉइड यांचे. शिवाय स्पोलिनच्या खेळांत गटाने मिळून एखादा प्रश्न सोडवण्यावर भर आहे, तर कोपोप्रणीत सरावात एकेका नटाच्या देहाच्या शिस्तीवर. दोन्ही प्रवाह स्वतंत्रपणे उगम पावून शालेय वर्गात एकत्र आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्पोलिनच्या पद्धतीत प्रत्येक खेळाला एकच लक्ष्य असते आणि खेळ चालू असताना शिक्षक तो न थांबवता बाजूने सूचना देतो. ‘आरसा’ हा नमुनेदार खेळ होय. दोघे समोरासमोर उभे राहतात. एक सावकाश हालचाल करतो, दुसरा तिचे प्रतिबिंब होतो. मग शिक्षकाच्या सूचनेबरोबर भूमिका उलटतात आणि शेवटी कोणीच पुढाकार घ्यायचा नसतो. पाहणाऱ्याला पुढाकार कोणाचा हे ओळखता आले, तर बहुधा हालचाल फार जलद झालेली असते. जोडीदाराला फसवून हसे मिळवणारा विद्यार्थी येथे हटकून भेटतो. त्याला दटावण्यापेक्षा ‘आणखी सावकाश’ एवढेच सांगणे पुरते.

वाचिकाच्या बाबतीत या वयाची अडचण शारीरिक आहे. मुलांचा आवाज फुटतो तेव्हा स्वरतंतू लांब व जाड होऊन पट्टी सुमारे एका सप्तकाने उतरते. मुलींमध्येही बदल होतो, पण तो बराच कमी. या काळात आवाज मोठा काढायला लावल्यास घसा ताणला जातो. म्हणून बरगड्या व श्वासपटल यांच्या आधारे श्वासाचा पुरवठा, जबडा सैल ठेवणे आणि व्यंजनांची स्पष्टता यांवर आधी काम करतात. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचतो तो बहुतांशी व्यंजनांमुळे, नुसत्या ओरडण्याने नव्हे. वाक्याचा शेवट गिळण्याची खोड सार्वत्रिक आहे. मराठीसारख्या, क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत तिच्यामुळे अर्थच हरवतो.

हालचालीसाठी नृत्यविचारवंत रूडॉल्फ लाबान यांची मांडणी सोयीची ठरते. वजन (जोरकस-हलके), वेळ (जलद-सावकाश) आणि अवकाश (सरळ-वळणदार) यांच्या प्रत्येकी दोन टोकांच्या संयोगातून ठोसा मारणे, तरंगणे, पिळणे यांसारखे 8 मूलभूत प्रकार मिळतात आणि पात्राची चाल त्यांवरून बांधता येते. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांच्या अभिनयपद्धतीतून ‘पात्राला काय हवे आहे?’ हा प्रश्न घ्यावा; स्वतःच्या दुःखद आठवणी उकरून काढण्याचा भावस्मृतीचा सराव किशोरवयीनांना देऊ नये, असा कल आहे. खुद्द स्तानिस्लाव्हस्की अखेरच्या वर्षांत शारीरिक कृतीकडे अधिक वळले होते.

प्रेक्षकांपुढचा प्रयोग हवा की नाट्यातून शिकण्याची प्रक्रिया, हा वाद प्रामुख्याने ब्रिटनमधला. पीटर स्लेड यांनी लहान मुलांना रंगमंचावर प्रेक्षकांपुढे उभे करण्यास विरोध केला. डॉरथी हीथकोट यांनी शिक्षकानेच भूमिका घेऊन मुलांसह प्रसंग उभा करण्याचे तंत्र रूढ केले. यात नाट्यकला म्हणून काही शिकवलेच जात नाही, अशी टीका डेव्हिड हॉर्नब्रुक यांनी 1980 च्या दशकात केली. माध्यमिक स्तरापुरती ती टीका बरीचशी लागू पडते, कारण या वयाच्या विद्यार्थ्यांना प्रेक्षक हवा असतो आणि तो पेलण्याची तयारीही त्यांच्यात असते.

नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी व रंगमंच व्यवस्थापन यांच्या शिक्षणावर त्या मानाने थोडे लेखन झाले आहे. ही कामे बहुधा प्रत्यक्ष तालमींतच शिकली जातात: संहितेच्या प्रतीवर एंट्री-एक्झिट, प्रकाश व ध्वनी यांचे इशारे पेन्सिलीने नोंदवणे आणि रंगीत तालमीपूर्वी केवळ तांत्रिक बाजूंची वेगळी तालीम घेणे. या तालमीत नटांना संवाद गाळून इशाऱ्यापासून इशाऱ्यापर्यंत उड्या मारत जावे लागते.