विद्यार्थी ॲनिमेशनपट : पात्र, परिसर आणि कथा यांची जुळणी

ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या अखेरीस बहुधा स्वतःचा एक लघुपट करतो. त्यात कोण असेल, ते कुठे घडेल आणि काय घडेल, हे चित्रे हलू लागण्याआधी कागदावर ठरवावे लागते. वर्गात या कामाला सरळ ‘प्री-प्रॉडक्शन’ म्हणतात. पात्र, परिसर आणि कथा हे तीन विषय वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. प्रत्यक्ष कामात ते एकमेकांच्या पायात पाय घालूनच पुढे सरकतात, आणि तिघांवर सत्ता चालते ती चौथ्या गोष्टीची : एका माणसाचे दोन हात किती काम उरकू शकतात याची.

हिशेब साधा आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींपुरते धरले, तर सेकंदाला १२ चित्रे लागतात. पात्र सतत हलते ठेवायचे तर ३ मिनिटांच्या फिल्मला २,१६० चित्रे झाली, तीही पडद्यावर एकच पात्र असेल तर. दिवसाला २० चित्रे पुरी करणारा विद्यार्थी त्यावर १०८ दिवस बसतो; रंग, पार्श्वभूमी आणि ध्वनी यांचे दिवस निराळे. हातभर बांगड्या घातलेली, चौकड्यांचे लुगडे नेसलेली आजी पहिल्या रेखाटनात फार गोड दिसते. पाचशे चित्रे झाली की त्याच बांगड्या मोजत बसावे लागते. म्हणून अनुभवी शिक्षक रेखाटन हातात घेऊन आधी ‘यातले काय काढून टाकता येईल?’ असे विचारतात.

पात्र घडवताना पहिली चाचणी आकृतीची. रेखाटन आतून पूर्ण काळे भरायचे आणि तरीही ते ओळखू येते का ते पाहायचे. त्यानंतर मॉडेल शीट : समोरून, तिरके, बाजूने आणि पाठमोरे अशा बाजू, डोक्याच्या मापाने मोजलेली उंची, हातांचे पंजे. शेजारी हसू, राग, भीती यांचे चौकोन असतात. या चौकोनांचे महत्त्व जरा जास्तच वाढवले गेले आहे. राग सगळ्यांनाच येतो. हे पात्र रागावल्यावर समोरच्या वस्तूचे काय करते, ते कळले तर त्याचा स्वभाव कळतो.

समजा, पात्र घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या एका डोळ्याला भिंग लावलेले. म्हणजे निम्मा चेहरा गेला आणि अभिनयाचा भार बोटांवर आला. चिमटा धरलेली बोटे कापतात का, स्क्रू पडल्यावर ते श्वास कसा रोखतात, गिऱ्हाइकाकडे पाहताना भिंग काढतात की तसेच पाहतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की निम्मी कथा हातात येते. भिंग न काढणारा माणूस एका दिवशी ते काढतो, एवढ्यावर तीन मिनिटे उभी राहू शकतात.

हे दुकान कुठे आहे, यावर बरेच अवलंबून असते. जुन्या चाळीच्या जिन्याखाली असेल, तर छत तिरके आणि आजोबा कायम वाकलेले. वरून पायऱ्यांवर पावले वाजतात आणि प्रत्येक वेळी टेबलावरचे काटे हलतात. परिसर असा पात्राच्या अंगाला लागून असावा. विद्यार्थ्यांच्या कामात बहुधा उलटे दिसते : पार्श्वभूमी सुरेख रंगवलेली, पण तिच्यातली एकही वस्तू कुणी हाताळत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे खऱ्या जागी जाऊन बसणे. भिंतीवर काय टांगले आहे, कोणती वस्तू हाताने गुळगुळीत झाली आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो, हे रेखाटनवहीत टिपले की बाकीचे लेआउटमध्ये, म्हणजे प्रत्येक शॉटच्या रचनेत, आपोआप उतरते. परिसर आणि पात्र पूर्ण एकजीव झाल्याचे उदाहरण कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्सचे विद्यार्थी जॉन लॅसिटर यांच्या ‘लेडी अँड द लॅम्प’मध्ये मिळते. जागा दिव्यांचे दुकान आणि पात्र त्यातलाच एक दिवा. १९७९ साली या फिल्मला विद्यार्थी अकादमी पुरस्कार मिळाला.

तिन्ही अंगे अडचणींतून कशी घडतात, याचा सर्वांत उघड दाखला ब्रिटिश ॲनिमेटर निक पार्क यांच्या ‘ए ग्रँड डे आउट’चा आहे. ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये १९८२ साली विद्यार्थी-प्रकल्प म्हणून ही मातीकामाची, म्हणजे मातीची पात्रे हाताने थोडी थोडी हलवून चित्रित केलेली, फिल्म सुरू झाली आणि १९८९ साली पुरी झाली. मध्ये पार्क ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत कामाला लागले होते. लांबी सुमारे २३ मिनिटे. नायक वॉलेसचा जोडीदार ग्रोमिट आधी मांजर होता. मातीत कुत्रा घडवणे सोपे, म्हणून तो कुत्रा झाला. त्याला आवाजही द्यायचा होता. पण चित्रणाच्या सुरुवातीच्या एका प्रसंगात वॉलेस लाकूड कापत असतो आणि सुताराच्या घोडीसारखा ग्रोमिट त्याखाली अडकलेला. तिथे हात घालून तोंड हलवणे जिकिरीचे होते. पार्क यांनी फक्त डोके आणि भुवई हलवली, आणि एवढ्यात सगळे कळते असे त्यांच्या लक्षात आले. ग्रोमिट मुका राहिला तो असा.

कथेचेही तेच झाले. वॉलेस आणि ग्रोमिट चंद्रावर जातात, आणि मूळ बेतात तिथे बरीच गर्दी होती. थोड्याशा चित्रणालाच इतका काळ गेला की ती गर्दी गळाली आणि उरले नाण्यावर चालणारे, शेगडीच्या आकाराचे एक यंत्र. त्याला चेहरा नाही. पण हात आहेत आणि बर्फावर घसरत जाण्याचे स्वप्न आहे. परिसर मात्र पहिल्यापासून भक्कम : घरातले चीज संपते, चंद्र चीजचा आहे असे ठरते आणि तळघरात यान बांधले जाते. वात पेटल्यावर आठवते की बिस्किटे घरातच राहिली. अंतराळप्रवासाला इतके घरगुती करून टाकणे, यातच त्या जोडीचे सारे स्वभावचित्र आहे.

कथा लिहून होत नाही, ती भिंतीवर लावून होते. छोटी चित्रे क्रमाने टाचून त्यांची अदलाबदल करण्याची स्टोरीबोर्डची पद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्ने स्टुडिओत रुळली. विद्यार्थी बोर्डापुढे उभा राहून, एकेक चित्राकडे बोट दाखवत, आवाज काढत गोष्ट सांगतो. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. तिथेही सुटी चित्रे एकामागून एक समोर धरतात, चित्रांच्या जुडीला पोथी म्हणतात, आणि दोन चित्रांमधली जागा कथेकरी बोलून भरतो. ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याची पंचाईत इथेच होते. सांगताना त्याने तोंडाने भरलेली जागा फिल्ममध्ये रिकामी राहते. ऐकणारे हसले ते चित्राला की त्याच्या सांगण्याला, हे ठरवण्यासाठी ॲनिमॅटिक करतात : तीच चित्रे खऱ्या वेळेनुसार, कच्च्या ध्वनीसह पडद्यावर. बोर्डावर झकास वाटलेला विनोद ॲनिमॅटिकमध्ये दोन सेकंद उशिरा येतो, असे वरचेवर घडते. कात्री लावायची ती याच वेळी. रंगवून झालेला शॉट फेकायला कुणाचेच मन होत नाही.

आवाज शेवटी येतो अशी समजूत आहे, पण संवाद असलेल्या फिल्मचा आवाज चित्रांच्या आधीच मुद्रित करतात, कारण ओठ त्यावर बसवायचे असतात. वॉलेससाठी पार्क यांनी पीटर सॅलिस या मुरलेल्या नटाला गाठले. विद्यार्थ्याच्या कामाचा मोबदला ठरला, सॅलिस सांगतील त्या धर्मादाय संस्थेला ५० पौंड. ‘चीज’ हा शब्द सॅलिस इतका ताणून म्हणत की त्यासाठी वॉलेसचे तोंड गालांच्याही बाहेर रुंदावावे लागले. तो चेहरा पुढे तसाच कायम झाला.