सरपंच शाळा समितीचे अध्यक्ष होतात?

‘शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे सरपंच आणि मुख्याध्यापकांचं काम, पालकांनी फक्त सह्या करायच्या’ हा समज गावोगाव मुरलेला आहे. कायदा मात्र नेमकं उलट सांगतो.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत. निम्म्या जागा महिलांच्या. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकांमधूनच निवडतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. म्हणजे सरपंच अध्यक्ष होऊ शकतात, पण त्यांचं मूल त्या शाळेत शिकत असेल तर! (तशी उदाहरणं आठवून पाहा.)

‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय’ हेही नेहमीचंच. सदस्याला शिक्षणाची अट कायद्यात नाही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा बनवणं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं ही समितीची कामं. शौचालयाला पाणी आहे का, हे बघायला पदवी कशाला? अल्पसंख्याक आणि इतर अनुदानित शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर समिती केवळ सल्लागार आहे.

त्यामुळे इतिवृत्तावर सही मागितली, तर आधी ते वाचून दाखवायला सांगा.