दिव्यांग हक्क (मराठवाडा)

दिव्यांगांना बरोबरीने जगता यावे म्हणून शासनाने द्यायचे साहाय्य आणि ते नाकारल्यास मागायची कायदेशीर दाद. दोहोंचा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के, तर उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव असतात.

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि मराठवाड्यात गाडी अडते ती इथेच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. आईबापासोबत फडावर गेलेल्या लेकराची जिल्हा रुग्णालयातली तपासणी हंगाम संपेपर्यंत राहून जाते. मागे आजीजवळ ठेवले, तर त्याला तिथवर नेणार कोण? तालुक्याच्या कचेरीत पायाला आधाराची पट्टी (कॅलिपर) बांधलेला माणूस एका हाताने कठडा धरून, कागदांची पिशवी दातांत पकडून जिना चढतो. पाहणाऱ्यांना त्याची कीव येते. कायद्याच्या लेखी मात्र वाजवी सोय, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करून द्यायचा योग्य तो बदल, नाकारणे हाच भेदभाव आहे.

गावपातळीवर संजय गांधी निराधार अनुदान आणि एसटीची सवलत लोकांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, याची चर्चा ग्रामसभेत क्वचितच होते. घरपट्टी-नळपट्टीची वसुलीच तुटपुंजी असेल, तर या निधीतून फारसे काही हाती लागत नाही, तरीही हिशेब मागण्याचा हक्क उरतोच.

तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. वकिलाच्या फीचा धाक मात्र नाहक बाळगला जातो: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडेही देता येतो. पुढची पायरी म्हणजे उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ.

४० टक्क्यांची अट सगळीकडे लागू नाही. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ती घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या, हात थरथरणाऱ्या पण प्रमाणपत्रावर टक्के कमी पडलेल्या मुलामुलींनी हा निकाल अर्जाला जोडावा.